जेसांग "नाही" म्हणाली तेव्हा

इतेन गावातल्या धावपटूंच्या छावणीतल्या त्या खोलीला सगळे ऑफिस म्हणत, कारण तिथे एक टेबल होते. टेबलाच्या अलीकडे यातोर बसला होता. स्वतःचे पळायचे दिवस संपल्यावर त्यानेच ही छावणी उभी केली होती. समोर जेसांग. एल्दोरेतच्या शर्यतीत ती दुसरी आली होती आणि शर्यतीनंतर घेतलेल्या लघवीच्या नमुन्यात बंदी असलेले स्टेरॉइड सापडले होते.

"सही करून टाक," यातोर म्हणाला. "गुन्हा कबूल केलास तर बंदी चारऐवजी तीन वर्षांची. भांडलीस तर चारही जातील."

"पण कोच, मी केलंय काय?"

"ते आता कोण विचारतंय?"

"मी विचारतेय."

यातोर टेबलावरचे कागद सारखे करत बसला. उत्तर त्याला माहीत होते. तिचा गुडघा सुजला तेव्हा तोच तिला मोटरसायकलवर बसवून दवाखान्यात घेऊन गेला होता. डॉक्टरने गुडघ्यात इंजेक्शन दिले. त्यात काय आहे हे विचारणे कोचचे काम. त्याने विचारले ते एवढेच, "रविवारी पळेल ना?"

पण खरी बोच त्यापुढच्या गोष्टीची होती. तपासणीच्या खोलीत खेळाडूसोबत त्याच्या बाजूचे एक माणूस बसू शकते. तिथे तो तिच्याशेजारी बसला होता. अधिकारी बाई नैरोबीच्या, शांतपणे बोलणाऱ्या. त्यांनी स्वाहिलीत विचारले, "गेल्या आठवड्यात काही दवा घेतलीस का?"

नैरोबीत दवा म्हणजे कुठलेही औषध. सर्दीची गोळीसुद्धा दवाच. पळणाऱ्यांच्या या गावात मात्र तो शब्द केव्हाच नासला आहे. इथे तापाला गोळी, दुखण्याला सुई, आणि दवा म्हणजे जिंकण्यासाठी चोरून घ्यायची ती वस्तू. एखादा 'दवावर आहे' अशी कुजबुज झाली तरी त्या घराशी सोयरीक करायला लोक कचरतात.

"मी नाही दवा घेत," जेसांग ताडकन म्हणाली. "आमच्या घरात कुणीच घेत नाही."

बाईंनी यातोरकडे पाहिले. "तुम्हाला काही सांगायचंय?"

दोघी दोन निराळ्या गोष्टींबद्दल बोलताहेत, हे त्याला त्याच क्षणी कळले होते. एक वाक्य पुरले असते. पण इंजेक्शनचे नाव निघाले की तिला तिथे कुणी नेले, हेही निघाले असते. बाहेर परदेशातल्या शर्यती मिळवून देणारा एजंट हात मिळवायला थांबला होता.

"काही नाही," यातोर म्हणाला.

आता आरोपपत्रात लिहिले होते की तिने स्टेरॉइड जाणूनबुजून घेतले आणि विचारल्यावर लपवले.

जेसांगने सही केली नाही. मावशीच्या ओळखीने ती एल्दोरेतच्या वकीलबाई लोइस चेबोइवो यांच्याकडे गेली आणि त्यांना छावणीत घेऊन आली. बाईंनी चहाचा घोट घेतला.

"एवढी साखर? ही जिरवायलाच पळता की काय तुम्ही सगळे?" मग त्यांनी कप खाली ठेवला. "कोच, सही कर असं तुम्ही सांगितलंत म्हणे."

"तिच्या भल्यासाठीच. एक वर्ष वाचतं."

"ज्यानं गुन्हा केलाय, त्यानं ते जरूर वाचवावं. हिनं काय केलंय?"

"शरीरात सापडलं ना, बाई. शरीरात जे जाईल त्याला खेळाडू जबाबदार. नियमच आहे तसा."

"आहे, आणि मला तो पटतो. नाहीतर पकडलेला प्रत्येकजण म्हणेल, मला ठाऊक नव्हतं. मग प्रामाणिकपणे पळणाऱ्या पोरींनी काय टाळ्या वाजवायच्या? पण नियम एवढाच नाही. त्याच वेळी राखून ठेवलेला दुसरा नमुना उघडून तपासायला लावणं हा तिचा हक्क आहे. सुनावणी मागणं हा हक्क आहे. आरोप कळेल अशा भाषेत समजून घेणं हाही. औषध शरीरात कसं गेलं हे दाखवता आलं, तर शिक्षा कमी होते. तुम्ही सगळे तो कागद आला की घाबरून सही करता, आणि चोर कोण, साव कोण, हे कुणालाच कळत नाही."

"डॉक्टर सांगतो का काही?"

"सुईत तेच स्टेरॉइड होतं, हे लिहून द्यायला तयार आहे. माझं अडतंय ते त्या 'नाही'पाशी. शब्दाचा घोटाळा झाला असं ही एकटीच म्हणाली, तर न्यायाधिकरण म्हणेल, बरं सुचलं आता. त्या वेळी खोलीत तुम्ही होतात."

यातोर काही बोलायच्या आत जेसांगच म्हणाली, "त्यांना तरी कसं कळणार, बाई? तेही इथलेच. त्यांनीही दवा म्हणजे तेच धरलं असणार."

पोरीने त्याला सुटायला वाट करून दिली होती! 'हो' म्हटले असते तर साक्षही झाली असती आणि अब्रूही राहिली असती. यातोरला तिच्या चेहऱ्याकडे बघवेना. तिने त्याच्यावर संशयसुद्धा घेतला नव्हता.

"मला कळलं होतं," तो म्हणाला. "तेव्हाच. मी मुद्दाम गप्प बसलो."

जेसांगने मान वर केली.

"हे तिथं बोललात तर तुमच्यावरही कारवाई होईल," चेबोइवोबाई म्हणाल्या. "छावणी जाईल. घरी विचारून या."

"घरचे नको म्हणतील. म्हणून आत्ताच लिहून घ्या."

सुनावणीत तो सगळे बोलला, स्वतःला कुठेही न वाचवता. जेसांगचा दुसरा क्रमांक गेलाच, तो परत येणार नव्हता. पण तिने लपवले नाही, हे न्यायाधिकरणाने मान्य केले आणि चार वर्षांच्या जागी दहा महिन्यांची बंदी दिली. यातोरवर नंतर वेगळी कारवाई झाली. त्याला दोन वर्षे कुणालाही शिकवायला मनाई झाली.

निकाल ऐकून बाहेर पडताना जेसांग त्याच्यापाशी थांबली.

"तुम्ही बोललात म्हणून मी पुन्हा पळेन, कोच. पण लोकांच्या नजरांमुळे माझ्या आईनं चर्चला जाणं सोडलंय. ते तुमच्या गप्प बसण्यामुळे."

क्षमा मागण्याइतकाही आपला हक्क उरला आहे, असे यातोरला वाटले नाही. त्याने फक्त मान हलवली.

वाचकहो, चोरून जिंकणाऱ्याला पकडलेच पाहिजे, त्यात कुचराई नको. पण पकडलेल्याला आपली बाजू मांडू देणे हीसुद्धा त्याच न्यायाची अर्धी बाजू आहे, आणि हे हक्क खेळाडूंना आधीपासून, त्यांच्या भाषेत सांगायला हवेत. आणि आपण कुणाच्या बाजूने शेजारी जाऊन बसतो, तेव्हा नुसते बसून भागत नाही. खरे ठाऊक असेल तर तिथेच, त्याच वेळी बोलावे लागते.