कापलेला ठिपका

ताईला स्कॅनच्या टेबलावर झोपवलं आणि हलू नकोस म्हणून दम भरला. ती हसली, पण हसू घोगरं निघालं.

सात महिन्यांपूर्वीचा तिचा पहिला स्कॅनही मीच काढला होता. रक्तात कॅल्शियम वाढलेलं, मूतखडे, ठणकणारी हाडं. मानेतल्या पॅराथायरॉइडच्या चार इवल्या ग्रंथींपैकी एखादी नको इतकी कामाला लागली होती, पण फोटोत काहीच दिसलं नाही. सर्जनने मान उघडून तीन तास शोधलं. ग्रंथी मिळाली नाहीच, वर आवाजाची एक नस दुखावली. ताई शाळेत शिकवते. मागच्या बाकापर्यंत आवाज पोचेना, तशी घरी बसली. आताही काही दिसलं नाही, तर उद्या पुन्हा मान उघडणार होते. दुसरी नस गेली तर उरलासुरला आवाजही जाणार.

कॅमेऱ्यात चमकणारं किरणोत्सारी औषध टोचून दोन तास झाले होते. एव्हाना ते थायरॉइडमधून ओसरतं आणि बिघडलेल्या ग्रंथीत तेवढं मागे राहतं. मी पडद्यावर पाहिलं. मान कोरी.

पाठीमागून नवे डॉक्टर म्हणाले, "चौकट खाली घ्या. छाती दिसू दे."

घेतली. हृदयाच्या थोडं वर ठळक ठिपका; ग्रंथी मानेत नव्हतीच, छातीत उतरलेली. काखेत कळसा नि गावाला वळसा. डॉक्टर खुशीत सर्जनला कळवायला गेले.

मी मात्र बसल्या जागी गार पडले. कॅमेरा छातीही टिपतो. पण मला मेलीला फोटो सुबक लागतात. खालचा भाग कापून नुसती मान मोठी करून पाठवायची माझी जुनी खोड, आणि त्याचं सगळ्यांना कौतुक. मी सात महिन्यांपूर्वीची मूळ फाइल उघडली. ठिपका तिथेच होता.

फाइल पुसायला एक बटण पुरे होतं. विचारणारं कोणी नव्हतं. बोट तिथवर गेलंही, खोटं का बोलू?

तेवढ्यात ताई पदर सावरत मागे येऊन उभी राहिली. सापडली का, असं तिने खुणेनेच विचारलं.

"सापडली. ताई, तेव्हाही होती. मीच कापली."

तिने पडद्यावरच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग ती बोलली, इतकं हळू की मला कान जवळ न्यावा लागला.

"अशी आणखी किती जणांची कापलीस?"

मला आकडा माहीत नव्हता. मी तिच्यासाठी खुर्ची ओढली आणि जुन्या फायलींची यादी पहिल्या नावापासून उघडली.