बगळ्याच्या वाट्याचं सँडविच

ट्यूनाचं सॅलड चाखून बघणाऱ्या माणसाला ताई आपल्या दुकानात उभं करत नसे. चमचा तोंडात घातला की सॅलड उष्टं झालं, ही एक गोष्ट. पण मुळात मासा हे जिभेचं कामच नव्हे, असं तिचं ठाम मत होतं. मासा नाकाने ओळखायचा. आईने तिला तसंच शिकवलं होतं, आणि आईचं नाक असं की शेजारणीचं दूध करपलं तर ही आपल्या चुलीपुढून तिला हाक मारायची.

बांधकामाच्या फाटकासमोर एका जुन्या कंटेनरला खिडकी पाडून ताईने दुकान थाटलं होतं. चहा, उकडलेली अंडी असं काहीबाही मिळायचं, पण माणसं यायची ती ट्यूना सँडविचसाठी. ते कसं करायचं हे तिने कधी लपवलं नाही. लोक मान डोलावून ऐकतात आणि घरी जाऊन कंटाळा करतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. डब्यातला मासा नको, ताजा आणायचा आणि मिठाच्या पाण्यात हलका शिजवायचा. कोमट असतानाच फडक्यात घालून पिळायचा, कुणावर राग असेल तर तोही त्यातच काढायचा, कारण पाणी राहिलं की सॅलडचा चिखल झालाच म्हणून समजा. कांदा बारीक चिरून बर्फाच्या पाण्यात टाकायचा, म्हणजे त्याचा तोरा उतरतो. बिया काढलेली काकडी, आंबट सफरचंद, लिंबू, आणि मेयॉनीज जेमतेम, सगळं एकमेकांना धरून राहील एवढंच. मग रात्रभर फ्रिजमध्ये मुरू द्यायचं. पाव एकाच बाजूने भाजायचा आणि ती भाजलेली बाजू आत घ्यायची, म्हणजे दुपारपर्यंत तो भिजत नाही. आणि दर पायरीला वास घ्यायचा. मासा आणल्यावर, शिजल्यावर, पिळल्यावर, सकाळी झाकण उघडल्यावर.

हे सगळं ताई अजूनही तसंच करत होती. फक्त तिला वास येत नव्हता.

मागे एकदा ती तापाने अंथरुणाला खिळली होती. ताप गेला, पडसं गेलं, जाताना नाक घेऊन गेलं. आधी तिला वाटलं, येईल चार दिवसांत. मग ती चोरून साबण हुंगायला लागली, फिनेलच्या बाटलीत नाक घालायला लागली. काही नाही. हुंगून हुंगून डोळ्यांत पाणी यायचं, वास यायचा नाही. तिने कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलं नाही. नाक गेलेल्या बाईच्या हातचा मासा कोण खाणार? फाटकासमोरच्या त्या जागेवर टपून बसलेले काही कमी नव्हते. आणि धाकट्या भावाला सांगितलं असतं तर त्याने त्याच दिवशी दुकानाला कुलूप लावलं असतं.

हा भाऊ समोरच्याच बांधकामावर टॉवर क्रेन चालवायचा. पाय असे लांबलचक की साहेबांपासून सगळे त्याला बगळ्या म्हणायचे. आई गेली तेव्हा तो चड्डी सावरत फिरायच्या वयाचा होता. ताईनेच त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत ढकललं, धपाटे घालून मोठं केलं. दिवसाचं पहिलं सँडविच त्याचं. फाटक उघडायच्या आत तो यायचा, पुडी घ्यायचा, बहिणीची एखादी खोडी काढायचा आणि शिडी चढायला लागायचा. एकदा वर गेला की संध्याकाळपर्यंत खाली येणं नाही. जेवण वरच, त्या काचेच्या खोलीत, एकट्याने.

त्या दिवशीही तो पुडी घेऊन गेला. सकाळची चहाची गर्दी ओसरल्यावर ताई बाकीचे पाव भाजायला घेणार, इतक्यात सफाईवाली चहाला आली आणि तिने खिडकीतून आत घातलेलं डोकं तसंच मागे घेतलं.

"ताई, काय नासलंय गं इथं?"

"कुठे काय?" ताई म्हणाली. हल्ली तिचं हे उत्तर तयारच असायचं.

सफाईवाली नाकाला पदर लावून आत आली. तिने ओट्याखाली पाहिलं, कचऱ्याचा डबा उघडला, मग ओट्यावर मघापासून उघड्या पडलेल्या सॅलडच्या पातेल्यावर वाकली आणि झटकन मागे सरली.

"हे गेलंय, ताई. तुला वास नाही येत?"

 ताईला कालची दुपार आठवली. मासा आणून टोपली खाली ठेवली आणि मुकादम पाण्याच्या नळावरून भांडायला आला. तो तिला ऑफिसात घेऊन गेला, तिथे बोलाचाली वाढत गेली, आणि ती परत आली तेव्हा टोपलीतल्या बर्फाचं पाणी झालं होतं. माशाला हात लावला तर तो कोमट लागला. तिने तो नाकाशी नेला. कसलाच वास नाही. आणि वास नाही म्हणजे मासा चांगला, हे तिच्या हाडीमांसी इतकं मुरलं होतं की तिने चूल पेटवली. नाक बंद आहे, हे तिला त्या क्षणी आठवलंसुद्धा नाही.

"त्याला दिलं मी," ती म्हणाली. "बगळ्याला."

तिने पातेलं सफाईवालीच्या हातात कोंबलं, फेकून दे म्हणाली आणि ती रस्ता ओलांडून धावत सुटली. नासलेला मासा काय करतो हे तिला माहीत होतं. तिच्या लहानपणी गल्लीतला एक धडधाकट माणूस असंच काहीतरी खाऊन बसल्या जागी लालभडक झाला होता, श्वासासाठी तडफडत होता. इथे तर तिचा भाऊ आभाळात टांगलेला. तो वर कोसळला तर त्याला खाली आणायचं कसं? आणि क्रेनला त्या वेळी ओझं लटकत असेल तर? खाली माणसं असतात. 

क्रेनच्या पायथ्याशी शिट्टीमामा उभे होते. क्रेनवाल्याला खालून इशारे द्यायचं त्यांचं काम. गळ्यात शिट्टी, हातात वॉकीटॉकी, मान कायम वर.

"मामा, त्याला सांगा, सँडविच खाऊ नको म्हणावं."

मामांनी तिच्याकडे न बघताच हात आडवा केला. "ओझं हवेत आहे, ताई. आता मध्ये बोलायचं नाही."

"मामा, नासलंय ते."

"ओझं टेकू द्या. आत्ता त्याचं लक्ष उडालं तर वरच्या मजल्यावरच्या पोरांच्या डोक्यावर येईल सगळं."

ताईने वर पाहिलं. सळयांचा मोठा भारा वाऱ्यात सावकाश फिरत होता. त्याच्याही वर काचेची खोली, आणि त्या काचेवर नुसतं ऊन. आत माणूस आहे की नाही तेसुद्धा दिसेना. भाऱ्याला जरा हिसका बसला. ताईला वाटलं, त्याचा हात थरथरला. भारा थांबला. तिला वाटलं, आता त्याचं डोकं दांड्यावर पडलं असेल.  आयुष्यात ती इतकी कधी घाबरली नव्हती, आई गेली तेव्हाही नाही. तेव्हा निदान कडेवर घ्यायला तो होता.

"डावीकडे. अजून. सावकाश," मामा वॉकीटॉकीत बोलत होते. "खाली घे. खाली. थांब."

या थांबण्यात ती मनाशी जुळवाजुळव करत होती. काय सांगायचं? मीठ जास्त झालंय म्हणावं. दुसऱ्याचं तुझ्याकडे आलंय म्हणावं. वॉकीटॉकीवर बोललेलं सगळ्या बांधकामावर ऐकू जातं, ऑफिसात मुकादमाच्या टेबलावरसुद्धा, हे तिला माहीत होतं. भाऊ वाचला पाहिजे आणि दुकानही, असं काहीतरी ती शोधत होती.

भारा टेकला. वरच्या पोरांनी साखळ्या सोडल्या. मामांनी बटण दाबून वॉकीटॉकी तिच्या तोंडाशी धरली.

"बगळ्या, ते सँडविच खाऊ नकोस. मीठ जास्त झालंय."

खरखर झाली. "बरं," तो म्हणाला.

एवढंच. एरवी मिठावरून त्याने बहिणीला दिवसभर पिडलं असतं. तो बरं म्हणून गप्प बसणारा नव्हे. बोलवत नसेल त्याला, ताईला वाटलं, आणि तिचा धीर सुटला.

"खाल्लंस का तू? खरं सांग. अरे, मासा नासलेला होता. मला कळलं नाही. मला वास येत नाही रे. त्या तापापासून येत नाही. मी सगळ्यांना फसवलं. खाल्लं असलंस तर लगेच उतर, काही उचलू नकोस, उतर आधी."

आजूबाजूची कामं थांबली. सिमेंट कालवणारे दोघे फावडी टेकवून तिच्याकडे बघायला लागले.  ताईने मामांचा हात घट्ट धरून ठेवला होता.

मग खरखर झाली. "ताई, रडू नको. मी नाही खाल्लं. मला काही झालेलं नाही."

"शपथ?"

"तुझी शपथ. मी बरेच दिवस खातच नाही तुझं सँडविच. लिंबू इतकं व्हायला लागलं होतं की तोंडात धरवत नव्हतं. तुला कसं सांगू? तू वाट बघतेस रोज."

ताईचा जीव भांड्यात पडला. ती तिथेच मातीत बसली, देवाचं नाव घेतलं, हसली, डोळे पुसले. लिंबू जास्त झालं म्हणून भाऊ वाचला. त्या क्षणी तिला दुकानाचं काही वाटलं नाही, मुकादमाचं काही वाटलं नाही, जगात दुसरं कुणी आहे असंही वाटलं नाही.

वॉकीटॉकी पुन्हा खरखरली. या वेळी बगळ्याचा आवाज वेगळा होता.

"ताई, मामा आहेत ना तिथं? मी ते रोज त्यांना देतो."

ताईने मान वर केली. मामा तिच्याकडेच बघत होते. तिचं हसणं, तिचं देवाचं नाव घेणं, सगळं त्यांनी उभ्याउभ्या पाहिलं होतं.

"मी सकाळीच खाल्लं," ते म्हणाले. "तो शिडीला लागला तेव्हाच. गार होतं, वास काही आला नाही. जरा जीभ चुरचुरली. म्हटलं, आज मिरी जास्त पडली."

"मी मिरी घालत नाही, मामा."

"हो का?" मामा म्हणाले. त्यांनी शर्टाची कॉलर सैल केली. मान तांबडी झाली होती, कानाच्या पाळ्या तांबड्या झाल्या होत्या. आतापर्यंत ताईने त्यांच्याकडे धड पाहिलंच नव्हतं.

"डोकं जड झालंय मघापासून. वाटलं, उन्हाने असेल. ओझं हवेत होतं म्हणून बोललो नाही." त्यांनी वॉकीटॉकी सिमेंटवाल्याच्या हातात दिली आणि सावकाश ताईशेजारी बसले. "मला आंबट आवडतं, ताई. खोटं कशाला बोलू. मला रोज आवडायचं."

कुणीतरी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. कुणीतरी पाणी आणलं. मामांचा श्वास आता आवाज करत होता आणि ते दर श्वासाला नवल वाटल्यासारखे थांबत होते. ताईने त्यांची शिट्टी गळ्यातून काढली, बटणं सोडली, पाठीला हात लावला. पाठ तव्यासारखी तापली होती.

"माझं काय होईल हो?" त्यांनी विचारलं.

तिने वर पाहिलं. शिडीवरून बगळ्या उतरत होता, लांब पाय एकेका पायरीवर टाकत, आणि तो अजून फार वर होता.

"भाऊ वाचला ना तुमचा?" मामा म्हणाले. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

ॲम्ब्युलन्स आली. मामांना आत घेतलं, तोंडावर ऑक्सिजन लावला. ताई त्यांच्यामागे चढायला लागली तेव्हा आतल्या बाईने तिला दारात अडवलं.

"पेशंटच्या कोण तुम्ही?"

"कुणी नाही," ताई म्हणाली. "यांनी खाल्लं ते मी केलं होतं."

बाई बाजूला सरकली. "बसा. काय घातलं होतं, किती वेळ बाहेर होतं, सगळं सांगा."

ताई मामांच्या पायाशी बसली आणि कालच्या टोपलीपासून सांगायला लागली.