डावा हात वर

आमच्या वर्गात प्रश्न विचारला की झाडून सगळी मुलं हात वर करतात. निदान पाहुणे आले की करतातच, आणि पाहुणे तोंडात बोट घालतात. त्यातली मेख अशी, की ज्याला उत्तर येतं त्याने उजवा हात वर करायचा आणि ज्याला येत नाही त्याने डावा. मी उजव्यांतला एक निवडते, तो उभा राहून खणखणीत उत्तर देतो, की बाकीचे हात खाली. डाव्या हाताला कधी कुणी काही विचारत नाही. ही युक्ती माझ्या डोक्यातली नाही. माझ्याआधी चौथीला ज्या बाई होत्या, त्यांनी कपाटाच्या किल्लीबरोबर ती माझ्या हातात ठेवली आणि स्वतः सुटल्या.

मी नाही सुटले. या खोलीत आले तेव्हा माझे केस काळे होते. मुलं दरवर्षी तेवढीच राहतात, वय वाढतं ते माझं एकटीचं. पहिला तास वाचन, दुसरा लेखन, मधल्या सुट्टीनंतर इतिहास. वाचनाला ओळीखाली बोट धरायचं, लेखनाला अक्षर रेघेला टांगायचं आणि इतिहासाला किल्ल्याला वेढा घालायचा. तो किल्ला दरवर्षी पडतो. बाहेर शत्रू, आत राजा आणि त्याची माणसं, धान्य संपत आलेलं, आणि एके दिवशी आतलाच एक पहारेकरी दार उघडतो. खेळ खलास. आमचे हे म्हणतात, मी झोपेतसुद्धा "मुलांनो, धान्य संपत आलं" असं बडबडते आणि मग त्यांना भूक लागते.

खोलीच्या खिडकीतून मैदान दिसतं आणि मैदानापलीकडे मोठी शाळा. तिथले इतिहासाचे मास्तर निवृत्त व्हायचे होते आणि त्यांची जागा मला हवी होती. पगार तेवढाच, चालायचं मात्र जास्त. तरी हवी होती. चौथीच्या पुस्तकात इतिहासाला कोण, कुठे आणि केव्हा एवढंच विचारायची मुभा आहे. 'का' हा प्रश्न मैदानापलीकडे सुरू होतो. मला एकदा तरी वर्गात 'का' विचारून बघायचं होतं आणि समोरचे काय उत्तर देतात ते ऐकायचं होतं. हे मी हेडसरांना इतकी वर्षं आडून आडून सुचवत आले. ते म्हणायचे, "बाई, चौथी म्हणजे तुम्ही आणि तुम्ही म्हणजे चौथी." वर हसायचे. एखाद्याला कपाट म्हणावं आणि त्याने खूश व्हावं, तसं मीही हसायचे.

यंदा मात्र त्यांनीच मला बोलावलं. "तपासणीला मोठे साहेब येणार आहेत. त्यांच्यासमोर तुम्ही इतिहासाचा पाठ घ्या. मोठ्या शाळेत कुणाला पाठवायचं ते तेच ठरवतात. तुमचं नाव मी त्यांच्या कानावर घालून ठेवतो, पाठ तेवढा रंगू द्या." मला दुसरं काय हवं होतं? मी कंबर कसली. भिंतीवर किल्ल्याचं चित्र लावलं, तटबंदीला नवा रंग दिला, आणि मुलांकडून उजवा-डावा घोटून घेतला.

घोटून घेताना एक पोरगी खटकत होती. खिडकीजवळ शेवटच्या बाकावर बसते, हाडाची काडी, कोपरं टोकदार. वर्ग तिला टाचणी म्हणतो, आणि खरं सांगायचं तर मीही. टाचणीचा हात कायम डावा. लेखनात तिची पाटी कोरी नाही, उत्तरं नीट लिहिते, अक्षरही बरं. तोंडी विचारलं की डावा. मी एकदा म्हटलं, "काय गं, पाठ करत नाहीस का घरी?" ती मान खाली घालून बसली. लाजाळू असेल म्हणून मी विषय सोडला. साहेब येणार म्हटल्यावर एकीच्या हाताकडे बघायला सवड कुणाला होती?

साहेब आले ते घाम पुसतच. माणूस वाईट नव्हता, फक्त शेवटच्या बाकावर मावत नव्हता. टाचणीला जरा सरकवून तिच्या शेजारी तिरके बसले, गुडघे बाकाबाहेर. हेडसर दाराशी उभे, हात बांधून. साहेबांच्या वेळेसाठी इतिहास सुट्टीआधी घेतला होता.

पाठ रंगला. उगाच नम्रपणा कशाला करू, फक्कड रंगला. "वेढा म्हणजे काय?" सगळे हात वर. एक उजवा उभा राहिला आणि घडाघडा बोलला. "किल्ल्यात पाणी कुठून यायचं?" सगळे हात वर. दुसरा उजवा. साहेबांनी हेडसरांकडे बघून भुवया उंचावल्या. हेडसरांनी, यात काय विशेष, असा चेहरा केला. मला खिडकीतून मोठ्या शाळेचा जिना दिसत होता आणि मी मनातल्या मनात त्याच्या पायऱ्या चढायला लागले होते.

मग साहेबांना उत्साह आला. बाकावरून कसेबसे सुटून ते पुढे आले आणि म्हणाले, "आता मी एक विचारतो. त्या पहारेकऱ्याने दार का उघडलं असेल?"

चौथीला 'का' नाही. पुस्तकात एवढंच आहे की तो फितूर होता, म्हणजे शत्रूला सामील. मुलांनी क्षणभर एकमेकांकडे पाहिलं आणि मग शहाण्यासारखे सगळ्यांनी हात वर केले. सगळे. डावे. एकही उजवा नाही. एवढा डाव्या हातांचा बाजार मी आयुष्यात पाहिला नव्हता. कुणालाही उभं केलं असतं तरी माझं पितळ उघडं पडलं असतं.

साहेबांनी तो देखावा डोळे भरून पाहिला. "वा," ते म्हणाले. "एवढा अवघड प्रश्न आणि सगळ्यांना येतोय. आता ऐकत बसायला वेळ नाही, पण हात बोलतायत." आणि त्यांनी कुणालाच उभं केलं नाही. माझा जीव भांड्यात पडला. आता वाटतं, पडलं असतं पितळ उघडं तर फार बरं झालं असतं.

कारण साहेब पुढे म्हणाले, "हेडमास्तर, तुम्ही यांना मोठ्या शाळेत पाठवा म्हणत होता. मी तर म्हणतो, असा वर्ग घडवणारी बाई इथून हलवणं हा गुन्हा आहे. पाया पक्का करणारी माणसं मिळतात कुठे? तिकडे काय, कुणीही चालेल."

कुणीही चालेल. ज्या जागेसाठी मी इतकी वर्षं खिडकीला डोळे लावून बसले होते, तिथे म्हणे कुणीही चालेल. फक्त मी सोडून. हेडसर लगेच म्हणाले, "मलाही तेच वाटत होतं, साहेब." हो, त्यांना साहेबांच्या नंतर नेहमी तेच वाटतं.

साहेब मुलांकडे वळले. "काय रे, तुम्हाला बाई इथेच हव्यात ना?" सगळे हात वर, आणि या खेपेला सगळे उजवे. एकच डावा, मागे खिडकीशी. मुलांची माया मला कळते, खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं. पण माया ही गोष्ट अशी आहे की तीच दाराला बाहेरून कडी लावते.

"आणि बाई, तुम्हाला?" साहेब हसत म्हणाले. "तुम्हाला इथेच राहायचंय ना? करा बघू हात वर."

हेडसर हसले. गंमतच होती ती. पण वर्ग माझ्याकडे बघत होता आणि मी हात वर केला. डावा. उजव्या हातात खडू होता म्हणून, असं मी मागाहून स्वतःला समजावलं. खडू खाली ठेवायला कितीसा वेळ लागतो? साहेबांना हात दिसला, कुठला ते दिसलं नाही. त्यांनी टाळी वाजवली आणि हेडसर त्यांना चहाला घेऊन गेले.

मुलांना मात्र दिसला. पहिल्या बाकावरच्या दोघी कुजबुजल्या, "बाईंना येत नाही." तेवढ्यात घंटा झाली आणि सगळे मैदानात पळाले.

टाचणी गेली नाही. डबा उघडायचा सोडून ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"बाई, तुम्ही डावा केला."

"चुकून झाला गं. हातात खडू होता."

तिने जरा विचार केला. "मी पण डावा करते. मला येत असलं तरी."

"येत असतं? मग उजवा का करत नाहीस?"

"उजवा केला की उभं राहावं लागतं," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर सांगावं लागतं. डाव्याला कुणी विचारत नाही."

एवढंच बोलून ती माझ्याकडे बघत राहिली. तिला काय म्हणायचंय ते मला कळलं आणि मला रागही आला. चौथीतल्या पोरीने आपली नाडी ओळखावी, याचा राग. पण राग तिचा नव्हता. इतकी वर्षं हेडसरांना मी आडून आडून सांगितलं, हसून सांगितलं, दुसऱ्याच्या तोंडून सांगितलं. समोर उभं राहून, मला इथून जायचंय, असं मी एकदाही म्हटलं नव्हतं. मला उत्तर येत होतं. चांगलं पाठ होतं.

"आता सांगणार तुम्ही?" टाचणीने विचारलं.

"हो," मी म्हटलं. "आत्ताच सांगते. साहेब अजून आहेत."

मी पदर सारखा केला आणि निघाले. वऱ्हांडाभर मी वाक्य घोळवत होते. साहेब, मला इथे राहायचं नाही, मला मोठ्या शाळेत इतिहास शिकवायचाय. साधं वाक्य आहे, चौथीच्या लेखनात सहज बसेल. ऑफिसचं दार अर्धवट उघडं होतं. आत साहेब बशीतून चहा पीत होते आणि हेडसर त्यांना आमच्या वर्गाचंच कौतुक सांगत होते. मी दार वाजवलं.

"या, बाई, या," साहेब म्हणाले. "शंभर वर्षं आयुष्य आहे तुम्हाला. तुमच्याबद्दलच बोलत होतो."

दोघंही इतक्या आपुलकीने बघत होते की मी आत जाऊन मधोमध उभी राहिले आणि तोंड उघडलं. वाक्य जिभेवर होतं. त्याचा पहिला शब्दही मला आठवतोय.

"काय हवंय, बाई?" हेडसर म्हणाले.

"खडू," मी म्हटलं. "खडू संपलेत."

हेडसर मनापासून हसले. "बघितलंत, साहेब? एवढा पाठ झाला आणि यांचं लक्ष खडूवर." उठून त्यांनी कपाटातून अख्खा खोका काढला आणि माझ्या हातात दिला. "घ्या. आता वर्षभर काळजी नको." साहेब म्हणाले, "अशी माणसं हवीत." मी आभार मानले. हो, आभारही मानले.

परतीचा वऱ्हांडा तोच होता, पण संपेचना. मला स्वतःची इतकी लाज वाटत होती की मैदानातल्या मुलांनी 'बाई, बाई' म्हणून हाका मारल्या तरी मी तिकडे बघितलं नाही. टेबलाच्या खणात जुने खडू गच्च भरलेले होते.

टाचणी दारातच उभी होती. "सांगितलंत?"

मला 'नाही' म्हणता आलं असतं. पण तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं, की माझ्या होकारावर तिचंच काहीतरी अडलंय असं वाटलं.

"हो," मी म्हटलं. "सांगितलं."

"उभं राहून?"

"उभं राहून."

तिने खोक्याकडे पाहिलं. शेवटच्या बाकावर जाऊन बसली आणि मैदानातून मुलं आत आली. तास लेखनाचा होता. मी फळ्याकडे वळले, तारीख लिहिली, आणि का कोण जाणे, पुन्हा मुलांकडे तोंड केलं.

"साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर राहून गेलं," मी म्हटलं. "त्या पहारेकऱ्याने दार का उघडलं असेल?"

आता कुणी पाहुणे नव्हते, तरी सवयीने सगळे हात वर गेले. सगळे डावे. खिडकीशी मात्र एक टोकदार कोपर हळूहळू वर आलं, मध्येच थांबलं, पुन्हा वर गेलं. उजवं.

"सांग," मी म्हटलं.

टाचणी उभी राहिली. बाकाची कड तिने घट्ट धरली होती आणि आवाज इतका बारीक लागला होता की पुढच्यांना मागे वळून ऐकावं लागलं.

"त्याला बाहेर जायचं होतं," ती म्हणाली. "पण तसं राजाला सांगायची त्याला भीती वाटली. म्हणून त्याने दारच उघडलं."

वर्ग माझ्याकडे बघायला लागला, बरोबर की चूक ते ऐकायला. पुस्तकात असं काही नव्हतं.

"बरोबर," मी म्हटलं. "बस खाली."

ती बसली. हसत होती. मी खोका कपाटात ठेवला, कपाटाला किल्ली लावली आणि शुद्धलेखन घालायला सुरुवात केली.