कमलला मारायचं ठरलं तेव्हा

आमच्या सिनेमातली बायको मध्यंतरानंतर मरावी, असं नाथाशेठ म्हणाला, आणि मी "बरं" म्हणालो. एरवी मी चहात साखर जास्त पडली तरी भांडणारा माणूस. पण छाया, माझी बायको, गेल्यापासून मला काही वाटतच नव्हतं. दाढ काढायच्या आधी डॉक्टर इंजेक्शन देतो ना, तसं. गाल आपलाच, पण चावला तरी कळत नाही. जेवणाला चव नाही, रागाला धार नाही.

नाथाशेठ लासलगावचा कांद्याचा व्यापारी. अठ्ठ्याण्णव साली त्याला सिनेमा काढायची हौस आली आणि आमची गोष्ट त्याला पसंत पडली. "पहिला भाग झकास हाय," तो म्हणाला. "हसून हसून पोट दुखतं. पण बायकांचा पदर ओला झाल्याशिवाय त्या शेजारणीला सांगत नाय. कमलला मारा, मी पैसा लावतो." जन्म कांद्यात गेलेला माणूस, लोकांना रडवायचं कसं हे त्याला मी काय डोंबल शिकवणार?

माझा जोडीदार गोरख शेजारीच बसला होता. एसटीत बसल्यावर तो म्हणाला, "वाल्मिक्या, बरं काय म्हणतो रे? येडा झाला का?"

"मारायची तर मारू. कागदावरची बाई आहे."

"कागदावरची!" म्हणत त्याने नाशिकची दोन तिकिटं काढली आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

आमची गोष्ट अशी. मधू नावाच्या कामगाराच्या कंपनीला टाळं लागतं, पण बायकोला, कमलला, सांगायची त्याची हिंमत होत नाही. रोज डबा घेऊन निघायचं, पांडवलेणीच्या पायथ्याशी झाडाखाली दिवस काढायचा आणि संध्याकाळी दमल्याचं सोंग करत घरी यायचं. कमलला लगेच कळतं, कारण डब्यातलं कारलं परत येतं. मधू कारलं खात नाही. कंपनीत ते शेजारच्या मशीनवरचा संपवायचा. पण ती कंपनीचा विषयच काढत नाही. रोज कारलंच देते आणि रोज विचारते, "डबा खाल्ला का?" तो म्हणतो, "हो." ती म्हणते, "खोटं." मग ते खोटं निभावायला तो आणखी काहीतरी रचतो आणि आणखी फसतो.

कमल म्हणजे आमची छायाच, हे काय सांगायला पाहिजे? मी सातपूरला कंपनीत नोकरीला, आणि कारलं मीही खात नाही. सिडकोतल्या माझ्या स्वयंपाकघरात बसून आम्ही लिहायचो. म्हणजे लिहायचो मी. गोरख सगळ्या पात्रांची कामं करून दाखवायचा. मखमलाबादला त्याचा गुलाबाचा मळा. सकाळी फुलं विकून तो थेट आमच्याकडे यायचा. हा एवढा थोराड गडी, झुबकेदार मिशा, आणि कमल करायची म्हटलं की डोक्यावर टॉवेलचा पदर. पोळ्या लाटता लाटता छाया ओरडायची, "भावजी, मी अशी ठुमकत नाही हां!"

"मग कशा चालता, वहिनी?"

ती लाटणं हातात घेऊन चालून दाखवायची आणि गोरख तिच्या मागे मागे तसाच चालायचा.

नियम एकच होता. मी हसलो तर सीन राहणार, नाही तर कागद फाडायचा. मी सहजासहजी हसत नाही, म्हणून तर हा नियम.

पावसाळ्यात छायाला कावीळ झाली. दवाखान्यात शेवटच्या संध्याकाळी तिने मला विचारलं, "डबा खाल्ला का?" गोरखच्या बायकोने, भागूवहिनींनी, पाठवलेला डबा माझ्या पायाशी पिशवीत तसाच पडला होता. मी म्हणालो, "हो." आणि तिच्या 'खोटं'ची वाट बघत बसलो. तिने नुसते डोळे मिटले. लग्न झाल्यापासून माझी एक थाप तिने कधी पचू दिली नव्हती. ही पचली. तेव्हाच मी समजलो की ही चालली. हे मी कुणाला सांगितलं नाही, गोरखलाही नाही. रडलोही नाही. नातेवाईक कुजबुजले, तर कुजबुजू देत.

लासलगावहून आल्यानंतरच्या रविवारी गोरख आला. हातातली डब्याची पिशवी ओट्यावर आपटली, सतरंजी अंथरली, टॉवेलचा पदर घेतला आणि आडवा झाला.

"मारायची ना? चल, मारू. मधूचं तू वाच."

मरणाचा सीन लिहिलेला कागद मी धरला. "कमल, डोळे उघड," रेशनच्या रांगेतला नंबर पुकारावा तसं मी वाचलं.

यावर कमल म्हणणार होती, "मला सगळं माहीत होतं हो," आणि मान टाकणार होती. गोरख ते वाक्य बोललाच नाही. त्याने डोळे किलकिले केले.

"डबा खाल्ला का?"

"हो," सवयीने माझ्या तोंडून गेलं.

"खोटं," गोरख म्हणाला. "पिशवी जड दिसती तुमची. ते कारलं संपवा आधी, त्याशिवाय मी काय मरत नाय."

मी हसलो. इतक्या जोरात की कागद हातातून गळाला. हसता हसता मला रडू फुटलं, ते आवरेना. तोंडात टॉवेल कोंबायची वेळ आली. गोरखने पदराचा टॉवेल माझ्याकडे फेकला.

"काय झालं रे? माझं काय चुकलं का?"

मी त्याला दवाखान्यातलं सांगितलं. तो मिशीवरून हात फिरवत राहिला.

"मला कुठं ठाऊक होतं, वाल्मिक्या? मला वाटलं, वहिनी मरताना पण हेच विचारतील."

"विचारलं. पण खोटं म्हणाली नाही."

"आता म्हणल्या ना?"

मी मान डोलावली.

"आणि तू हसला. म्हणजे सीन राहिला."

"राहिला," मी म्हणालो. "पण ती उठते."

तसाच कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेलो आणि शेठला फोन लावला. "कमल मरत नाही," म्हणालो.

"मग पब्लिक रडणार कसं?"

"रडतं, शेठ. मी आत्ताच रडून आलोय."

"मग दुसरा शेठ बघा, वाल्मीकभाऊ," तो म्हणाला आणि फोन ठेवून दिला.

च्यायला! मला राग आला. चांगला सणसणीत राग आला. शेठला, त्याच्या कांद्याला आणि त्याच्या पब्लिकला शिव्या घालत मी जिना चढलो. खालच्या मजल्यावरच्यांनी दार उघडून बघितलं, त्यांनाही दोन शब्द ऐकवले.

घरात गोरख पुन्हा पदर घेऊन बसला होता. भागूवहिनींचा डबा पिशवीतून काढून त्याने माझ्यापुढे उघडून ठेवला होता. कारलंच होतं.

"शेठ गेला," मी म्हणालो.

"जाऊ दे. खा."

मी घास घेतला. कडू लागलं.