निळ्या रेघेचा पट्टा

नसीमने आयुष्यात एकच चोरी केली, आणि तीही स्वतःच्याच घरात, एका रबरी पट्ट्याची.

तिचा नवरा रऊफ कारंजा गावात गाद्या भरतो. सात महिन्यांपूर्वी त्याचा उजवा हात कापूस पिंजायच्या यंत्रात गेला. हाड वाचलं, पण कोपराखालचं मांस इतकं गेलं की ते आपोआप भरून येणं शक्यच नव्हतं. नागपूरच्या डॉक्टर अंजूंनी मग त्याच्याच मांडीतून चिमूटभर मांस घेतलं, त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या आणि विरघळणाऱ्या जाळीवर पेरून ती जाळी हाताच्या खड्ड्यात बसवली. प्रयोगच होता तो. अट एकच, हाताला रोज ताण द्यायचा. ताण मिळाला तर पेशी एका रांगेत लागून स्नायू होतील, नाहीतर नुसता वण. आता तपासणी आठ दिवसांवर आली होती. त्यात स्नायू हलला नाही, तर रऊफच्या हातात गाद्या टाचायची सुई पुन्हा येणार नव्हती.

ताणासाठी निळ्या रेघेचा रबरी पट्टा मिळाला होता. नसीमनेच त्याला मऊ गवसणी शिवली. एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं रऊफच्या मुठीत. मनगट वळवून ओढताना तो ओठ चावायचा, डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं. तिला ते बघवेना. तीन आठवड्यांपूर्वी तो नमाजला गेला असताना तिने गवसणी उसवली, पट्टा काढून कापसाच्या ढिगात लपवला आणि सलवारीचं इलॅस्टिक आत घालून परत शिवून टाकलं.

झालं भलतंच. रऊफ खुलला. "आज चाळीस डाव ओढलं," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागला. नसीम पेचात पडली. सांगावं तर त्याचं हसू जाणार, न सांगावं तर हात.

त्या दुपारी डॉक्टरांचा व्हिडिओ कॉल आला. रऊफने फोन नसीमच्या हाती दिला आणि ऐटीत पट्टा ओढून दाखवला. एकदा, दोनदा, दहादा.

"रऊफभाई, इतका सहज कसा येतोय?" डॉक्टर म्हणाल्या. "पट्टा जवळून दाखवा."

रऊफने पट्टा फोनसमोर धरला आणि त्याची नजर गवसणीच्या कडेवर थांबली. हजारो गाद्या टाचलेला माणूस तो, नवा टाका कळायला त्याला कितीसा वेळ लागणार?

"हे उसवून कोनं शिवलं?"

"म्या," नसीम म्हणाली. "आत इलॅस्टिक हाये. तीन हप्ते झाले. तुमचं रडणं मले पाह्यवत नोहतं."

रऊफने मुठीतलं टोक सोडून दिलं.

"रागवायलाही वेळ नाही आता," डॉक्टर म्हणाल्या. "खरा पट्टा लावा. खूप दुखेल. पण आजच सुरू करा."

कापसाच्या ढिगातून पट्टा काढून ती गजाकडे वळली.

"गजाले नको बांधू," रऊफ म्हणाला. "तूच धर. मी कितीबी म्हटलं तरी सोडू नको." त्याच्या आवाजात राग होता, आणि तो तिला कबूल होता.

तिने पाय रोवले. त्याने ओढलं. त्याचा चेहरा पिळवटला.

"सोड," चौथ्या खेपेला तो म्हणाला. "नसीम, सोड."

तिच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. तिने पट्ट्याचा आणखी एक वेढा मुठीला दिला. त्याच्या कोपराखाली, गुलाबी कातडीच्या आत, काहीतरी दोऱ्याएवढं ताठ झालं आणि परत सैल पडलं.

"सोड ना," तो कळवळून म्हणाला.

"नाही," ती म्हणाली.