फुंकर

माझी दीड वर्षांची मुलगी ठकी रडता रडता श्वास धरते. तोंड उघडं, आवाज नाही, गाल फुगलेले, ओठ निळे. पहिल्यांदा झालं तेव्हा सासूबाईंनी घाबरून तिच्या तोंडावर फुंकर मारली आणि श्वास परत आला. तेव्हापासून तो घरचा रिवाजच झाला. ठकी गप्प झाली की सासरे पेपर टाकून, नवरा अर्ध्या दाढीचा, सासूबाई पिठाच्या हातांनी असे सगळे तिच्याभोवती कोंडाळं करून फू फू करायचे, चूल पेटवल्यासारखे. बाहेरून बघणाऱ्याला हसू येईल, कबूल. पण कोंडाळ्याच्या आतले निळे ओठ बाहेरून दिसत नाहीत.

नणंदेने तेच मोबाईलवर टिपलं. तिचं शिक्षण संपलं, नोकरी लागली, तरी घरात ती अजून बेबीच. बेबीने रडणं कापलं, निळे ओठ कापले, फुगलेले गाल आणि आमचं फू फू तेवढं ठेवलं, खाली टुणटुण वाजणारं संगीत लावलं आणि दिलं नेटवर सोडून.

आधी ओळखीच्यांनी पाहिलं. मग त्यांच्या ओळखीच्यांनी. मग कोणी कुत्र्याच्या तोंडावर फुंकर मारली, कोणी झोपलेल्या नवऱ्याच्या, कुठल्याशा ऑफिसात सगळ्यांनी मिळून साहेबाच्या. तिथवर मीही हसले, खोटं कशाला बोलू. मग लोकांना कळलं की दचकलेल्या मुलाचे गाल छान फुगतात. झालं! कोणी मुलाच्या मागे फुगा फोडतंय, कोणी भांडं आपटतंय, कोणी चेहऱ्याला काळं फासून पाळण्यात डोकावतंय. मूल भेदरतं, आईबाप फुंकर मारतात, खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. स्वतःच्या पोटच्या पोराला!

"काढून टाक ते," मी म्हटलं.

"आता काढून काय होणार, वहिनी? ते माझं राहिलंच नाही."

"होतं कधी तुझं?"

बेबीचं तोंड एवढंसं झालं. नवरा मध्ये पडला. "लोकांना आवडतंय गं. तू कशाला डोक्यात राख घालून घेतेस?"

"मी नाही घातली. तुम्ही भावाबहिणीने टोपली आणून ओतलीत."

मी कपडे उसवून मापाचे करून देणाऱ्या दुकानात काम करते. सासूबाईंचे गुडघे धरले की ठकीला सोबत नेते. ती टेबलाखाली चिंध्यांशी खेळते. त्या दिवशी एक गिऱ्हाईक पँट आखूड करायला आलं. चांगला बापमाणूस, केस पिकलेले. मी त्याच्या पायाशी बसून अंगावरच्या पँटची मोहरी दुमडत होते, तोंडात टाचण्या. त्याने खाली वाकून ठकीकडे पाहिलं.

"अरे! ही तीच ना? फूवाली?"

मी मान हलवायच्या आत त्याने टेबलावरची लोखंडी पट्टी उचलली आणि तिच्या कानाशी आपटली. मला ओरडता येईना, ओठांत टाचण्या. त्या थुंकून मी टेबलाखाली शिरेपर्यंत ठकी निळी झाली होती. हा वर एका हाताने मोबाईल धरून फू फू करतोय, हसतोय. तिचे डोळे फिरले, मान माझ्या हातावर लुळी पडली. मग कुठून तरी श्वास आला.

"गंमत केली हो, ताई," तो म्हणाला. "सगळेच करतात."

सगळेच करतात! माझ्या लेकराच्या कानात लोखंड वाजवायला याला एवढंच पुरलं. त्याने बदलून ठेवलेली जुनी पँट मी त्याच्या अंगावर फेकली. दुकानाच्या मालकीणबाईंनी त्याच्यासाठी दार उघडून धरलं.

डॉक्टरांनी तिला तपासलं, मग आमच्या फुंकरीचं ऐकून कपाळावर हात मारला. "श्वास आपोआप येतो. कुशीवर झोपवा आणि जवळ राहा. मिनिटभरात नाही आला तर उचलून इकडे आणा. पण फुंकायचं नाही, हलवायचं नाही, गर्दी तर मुळीच नको. रडलं की जत्रा भरते हे कळलं, तर ती जत्रेसाठी रडेल."

म्हणजे जगभर गेली ती आमची चूक. लेकरावर तमाशा आम्हीच आधी मांडला होता, त्यांनी फक्त तिकीट न काढता आत शिरून घेतलं. याने राग कमी झाला नाही. वाढला.

सुट्टीच्या दिवशी सगळे घरात असताना ठकी स्टुलावरून घसरली. लागलं फारसं नव्हतं. तिने तोंड उघडलं आणि रडायच्या आधी मान वळवून बेबीच्या हाताकडे पाहिलं. मोबाईल आहे का ते. मी ते पाहिलं, बेबीनेही पाहिलं. मग गाल फुगले, आवाज गेला.

सगळे धावले.

"थांबा!" मी ओरडले. "कोणी फुंकायचं नाही. तोंडं भिंतीकडे करा."

"अगं, लेकरू निळं पडतंय!" सासूबाई म्हणाल्या.

"मला दिसतंय. वळा म्हणते ना!"

या घरात मी सासऱ्यांपुढे कधी आवाज चढवला नव्हता. पहिले तेच वळले. मग नवरा. सासूबाई पदर तोंडात कोंबून वळल्या. बेबी हलेना, तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"वहिनी, काही झालं तर?"

"तर ते मी एकटीने बघेन. तू खूप दाखवलंस. वळ."

ती वळली. मी ठकीला कुशीवर निजवलं, हात तिच्या पाठीवर ठेवला. आत काहीच हलत नव्हतं. माझी फुंकर ओठांपर्यंत आली होती, ती मी दातांनी धरून ठेवली. ये गं, माझ्या बाई. कोणासाठी नको, तुझ्यासाठी ये.

पाठ हलली. छाती भरली. आणि ठकीने असा काही टाहो फोडला की भिंतीकडे उभे चौघेही दचकले. तिने डोळे उघडून इकडेतिकडे पाहिलं. नुसत्या पाठी. ती भयंकर चिडली. लाथा झाडल्या, माझ्या हाताला चावली.

"वळू का गं आता?" सासऱ्यांनी भिंतीला विचारलं.

"नका," मी म्हटलं. "तिचं रडून होऊ दे."