फियाटचं बॉनेट

"अहो थांबा! बंद करा ते!" मी ओरडले, पण कॉम्प्रेसरच्या घरघरीत ह्यांना काही ऐकू गेलं नाही. बॉनेटवर क्रीम रंगाचा एक सरळ, सुंदर पट्टा उमटला होता, आणि त्या पट्ट्यावर गोवर उठावा तसे गुलाबी ठिपके.

मी हात हलवले तेव्हा कुठे त्यांनी स्प्रे गन खाली घेतली. कॉम्प्रेसर बंद केला. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"हे काय गं?"

"कुंकू," मी म्हणाले.

आदल्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्याकडे त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं धुऊन पाटावर मांडतात. विळे, कोयता, खुरपी, ह्यांचे पाने आणि पकडी. हळदकुंकू वाहिलं की दसरा उजाडेपर्यंत त्यांना कोणी हात लावायचा नाही. यंदा मी स्प्रे गनही मांडली होती. विळ्याच्या पात्याला कुंकू लावतात, म्हणून गनच्या तोंडाला लावलं. पाण्यात कालवून, चांगलं ठसठशीत.

"तोंडालाच लावायचं व्हतं का?"

"मग काय मुठीला लावू? काम तर तोंडच करतं."

एरवी अशा उत्तरावर हे खो खो हसले असते. आज हसले नाहीत. भिंतीला टेकून उभे राहिले आणि उजवा हात डाव्या हातात धरला.

"आधी कागदावर मारून बघायला पायजे व्हतं," ते म्हणाले. "एकतीस वर्षं बघितलं. आजच नाय बघितलं."

का नाही बघितलं, ते मला ठाऊक होतं. हातात जेवढी ताकद होती ती त्यांनी बॉनेटसाठी राखून ठेवली होती.

साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये हे पेंटर होते. उसाच्या ट्रॉल्यांवर नंबर घालायचे, टाक्या रंगवायचे, जिन्याचे कठडे रंगवायचे. लग्न होऊन मी निरगुडसरला आले तेव्हा माझ्या पत्र्याच्या पेटीवर ह्यांनी माझं नाव लिहून दिलं होतं, 'सौ. सोनीबाई'. अक्षर इतकं वळणदार की शेजारणी पेटी बघायला यायच्या. पण ह्यांचा जीव होता तो कारखान्याच्या साहेबांच्या फियाटवर. ती गाडी त्यांनी सहा वेळा रंगवली. पुढे ती मोडीत निघाली तेव्हा हे तिला ट्रॅक्टरमागे बांधून घरी घेऊन आले. मी म्हणाले होते, "सवत आणायची तर निदान चालणारी तरी आणायची."

मग दोन वर्षांपूर्वी ह्यांच्या अंगावरून वारं गेलं. पाय सुधारला, बोलणं सुधारलं. उजव्या हाताची थरथर तेवढी राहिली.

तरीही गेल्या चैत्रापासून आम्ही दोघांनी गाडीचा एकेक भाग काढून नवा केला. दिव्यांच्या कड्या मी चाळलेल्या राखेनं आणि जुन्या धोतराच्या फडक्यानं घासल्या. समया घासून हाताला सवय होतीच. रंगवलेल्या चाकाच्या टोप्या कपड्यांच्या दोरीवर तारेनं टांगून वाळवल्या. पोस्टमन म्हणाला, "मावशी, आज भांडी वाळत घातली का?"

राहिलं होतं बॉनेट. आमची प्रतिभा आणि जावई दादाभाऊ पुण्याला असतात. जावयांनी ह्यांना सरळ सांगितलं होतं, "मामा, दसऱ्यापर्यंत बॉनेट झालं तर गाडी तुमच्याच हातानं पुरी करा. नाय झालं तर दुसऱ्या दिवशी मी गाडी पुण्याच्या पेंटरकडं नेतो. तुमी हाल करून घेऊ नका." त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण गाडी अंगणातून गेली तर हे दिवसभर कशाकडे बघत बसतील, हे मला दिसत होतं.

"जाऊ दे तिला," हे म्हणाले. "माझ्या हातात एकदाच मारायची ताकद व्हती. ती गेली."

"दसरा संध्याकाळपर्यंत आहे," मी म्हणाले. "वॉटर पेपर कुठं ठेवलाय?"

रंग तासाभरात वाळला. मी पदर खोचला आणि पाणी टाकत पेपरनं तो पट्टा घासायला बसले. हे स्टुलावरून सांगत होते, "जोर नको देऊ. गोल नको, सरळ मार." मी म्हणाले, "सात बाळंतपणं काढलीत गावातली. जोर कुठं द्यायचा ते मला शिकवू नका." तेव्हा कुठे हसले. पुसलं तेव्हा ठिपके पार गेले होते. ह्यांनी गन खोलून थिनरमध्ये धुतली आणि सुईनं एकेक भोक साफ केलं. या वेळी कागदावरही मारून बघितलं. स्वच्छ क्रीम.

गनच्या खाली रंगाचा डबा असतो. भरला की किलोभर वजन होतं. ह्यांनी गन उचलली आणि कोपर खाली आलं. पुन्हा उचलली, पुन्हा खाली आलं.

मी जवळ गेले आणि डब्याखाली तळवा धरला.

"तू ढकलशील."

"नाही ढकलणार. तुमच्या आईबरोबर अकरा वर्षं जात्याचा एकच खुंटा धरलाय. दुसऱ्याच्या हाताबरोबर कसं जायचं ते मला कळतं."

वजन माझ्या हातावर, मनगट आणि घोडा त्यांच्याकडे. आम्ही बॉनेटच्या कडेनं एकेक पाऊल आडवं टाकत गेलो. रंगाचा पहिला हात, मग दुसरा, मग तिसरा. मधल्या वेळात चहा. शेवटचा हात झाला तेव्हा बाहेर माणसं सोनं वाटत फिरत होती, आणि आमच्या दोघांच्या भुवया क्रीम झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता प्रतिभा आणि जावई आले. मागून गाडी न्यायचा टेम्पो, आणि त्यात पुण्याचा पेंटर ऋतिक. तिशीचा असेल, हातावर रंगाचे डाग. जावई काही बोलायच्या आत तो बॉनेटपाशी गेला. बोटांची उलटी बाजू त्यावरून फिरवली. वाकून उन्हाच्या अंगानं बघितलं.

"कुणी मारलाय हा?"

"आमी," हे म्हणाले.

"घरी? अंगणात?" तो जावयांकडे वळला. "भाऊ, मी हा रंग उतरवायचो नाय. याच्यापेक्षा चांगला मला जमायचा बी नाय."

दादाभाऊ आम्हा दोघांकडे बघत राहिले. मग टेम्पोवाल्याला म्हणाले, "चहा घे आणि रिकामाच जा, राव. गाडी हितंच ऱ्हाणार." प्रतिभा डोळे पुसत आत गेली. "पावणं, तुमी बी घ्या चहा," हे म्हणाले, जसं काही झालंच नव्हतं.

ऋतिक मात्र बॉनेटपासून हलेना. "मिस्त्री, या कडेला माझा रंग कायम वघळतो. तुमी गन कशी वळवता?"

हे उठले. रिकामा उजवा हात बॉनेटवर हवेत धरला आणि डावीकडून उजवीकडे नेला. कडेशी आल्यावर हात थरथरला, दोन-तीनदा, बारीकसा, आणि मग पुढे गेला.

"असं," ते म्हणाले.

ऋतिकनं नीट बघितलं. मग आपला हात तसाच हवेत धरून नेला, आणि कडेशी आल्यावर मन लावून, दोन-तीनदा, बारीकसा थरथरवला.

हे माझ्याकडे बघत होते. मी पदर तोंडाला लावून हसू दाबलं. ते त्याला म्हणाले, "पुन्हा कर."